उणे चार अंशांचा ढग उलगडून दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

प्रबंधात आभाराच्या पानावर माझं नाव घालू नकोस, असं तुम्ही बजावलंत. म्हणून नाव न घेता हे जाहीर पत्र. परभणीत बसून इन्सॅट उपग्रहांच्या अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रांवरून बर्फाच्या ढगांची मापं काढायचं ठरवलं, तेव्हा इस्रोच्या मोसडॅक या संकेतस्थळावरच्या फाइली हाताशी होत्या, सरांचा पाठिंबाही होता. ढगांवर काम केलेलं माणूस मात्र आसपास नव्हतं. तुम्ही अहमदाबादेत दिवसभराचं काम उरकून रात्री फोनवर शिकवत राहिलात.

तुम्ही कागदावर सोडवायला लावलेलं ते गणित मी जन्मभर विसरणार नाही. जमीन २७ अंश सेल्सिअस, वर उणे ५३ अंशांचा पातळ सिरस (उंचावरचा बर्फाच्या कणांचा ढग), जमिनीची निम्मी उष्णता त्यातून आरपार. ११ मायक्रोमीटर तरंगलांबीला उपग्रह किती तापमान सांगेल? सरासरी काढली तर उणे १३. तापमानावरून प्रारण (बाहेर पडणारी उष्णता) सांगणाऱ्या प्लांकच्या सूत्राने आलं जवळपास उणे ४, कारण तापमान वाढतं त्यापेक्षा प्रारण कितीतरी वेगाने वाढतं आणि उबदार जमिनीचं पारडं जड होतं. म्हणजे चित्रात दिसतो तो उणे चारचा ढग आभाळात नाहीच! आहे तो बराच उंच, बराच थंड आणि पातळ.

मग तुम्ही १२ मायक्रोमीटरचं चॅनल उघडायला सांगितलंत. तिथे बर्फ जास्त शोषतो, जमिनीची उष्णता कमी पोचते, तोच ढग आणखी थंड दिसतो. दोन्ही तापमानांतला हा फरक कण बारीक असतील तर मोठा, कण मोठे असतील तर लहान. उपग्रहाने इतक्या दुरून बर्फाच्या कणांचा आकार सांगावा, आणि तोही रात्रीच्या अंधारात, याचा आनंद मला अजून आवरत नाही. पावसाळ्यात हवेतली वाफसुद्धा असाच फरक दाखवते, तिचा हिशोब आधी कर, हेही तुम्हीच सांगितलंत.

आमच्याकडे मृगात मोबाइलवर ढगांची रंगीत चित्रं फिरतात आणि गावाकडून काका विचारतात, सोयाबीन पेरायचं का? रंग गडद दिसला म्हणून पाऊस येतोच असं नाही, पातळ बर्फाच्या ढगातून जमिनीपर्यंत थेंब पोचत नाही, हे आता मी त्यांना कारणासकट सांगते.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. त्या ढगांवरही हीच पद्धत लावायचा माझा हट्ट होता. तुम्ही थांबवलंत: जाड ढगात दोन्ही चॅनलना फक्त माथा दिसतो, आत गारा होत्या की नाही हे त्यावरून लिहायचं नाही. प्रबंधातलं ते प्रकरण त्यामुळे छोटं झालं, पण त्यातल्या प्रत्येक ओळीमागे मी उभी राहू शकते. यासाठी तुमचे सगळ्यात जास्त आभार.

तुमचं ते गणित आता आमच्या विभागातली धाकटी मुलं सोडवतायत.

तुमची,
परभणीची विद्यार्थिनी