मित्रास पत्र : फायरमाउथला शेजारी कोण द्यावा

पुणे, गुरुवार

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

तुझी यादी मिळाली. माशांच्या चार फुटी टाकीत फायरमाउथची जोडी, दोन झेब्रा सिक्लिड, एक रेड टेल शार्क, सहा टायगर बार्ब, चार एंजल, दोन सिल्व्हर शार्क आणि काच साफ ठेवायला एक सकर. ही यादी बघून दुकानदार तुला गाडीपर्यंत सोडायला येईल. पहिले काही आठवडे सगळं गुण्यागोविंदाने चालेलही, कारण दुकानात मिळतात ती दोन इंची पोरं. ती वयात आली की बांधावरची भांडणं सुरू होतात.

फायरमाउथ ठेवायचाच हे पक्कं असेल तर बाकीची यादी त्याच्याभोवती पुन्हा लिहू. त्याला जे हवं ते ज्याला नकोच आहे, असाच शेजारी त्याला द्यायचा. ‘हा शांत, तो भांडखोर’ असे तक्ते दुकानांत लावलेले असतात, पण दोन शांत मासेही एकाच गुहेवरून एकमेकांचे पर फाडतात.

फायरमाउथला हवा असतो तळ. हा सिक्लिड कुळातला, मेक्सिकोच्या युकातानपासून बेलीझ-ग्वातेमालापर्यंतचा मासा. नर साधारण १५ सेंटिमीटर, मादी जरा लहान. दिवसभर वाळू तोंडात घेऊन चाळतो, खाण्याजोगं ठेवतो, उरलेली कल्ल्यांतून सोडून देतो. त्याला एक दगड किंवा कुंडी हवी आणि तिच्यासमोरचं अंगण हवं. कोणी अंगणात आलं की गालफडं फुगवतो, लालभडक गळा दाखवतो. कल्ल्याच्या झाकणावरचा काळा ठिपका तेव्हा समोरून डोळ्यासारखा दिसतो आणि डोकं आहे त्याहून मोठं वाटतं. पण गर्जेल तो पडेल काय! त्याचं तोंड वाळू चाळायला बनलेलं आहे, कुस्तीला नाही. खरोखर चावणारा मासा समोर आला की हा बहुतेक वेळा हरतो.

म्हणूनच झेब्रा पहिला काढ. आकाराने तो फायरमाउथएवढाच किंवा लहान, पण जबडा मजबूत आणि मागणी तीच, तळ आणि गुहा. त्यांची जोडी अंडी घालायला बसली की अर्धी टाकी त्यांची होते. जॅक डेम्प्सी, ज्वेल आणि फ्लॉवरहॉर्न या भांडखोर सिक्लिडांचा तर विचारही नको.

रेड टेल शार्कही तळाचाच मालक. पाच फुटी टाकीत, दोन टोकांना दोन ढिगारे रचून जमू शकेल. तुझ्या चार फुटांत नाही.

टायगर बार्बची गोष्ट वेगळी. त्याला जागा नको असते, त्याला लांब पर कुरतडायचे असतात. सहाच असले तर खोडी बाहेरच्यांशी जास्त. दहा-बारा ठेवले तर बरंचसं आपापसांत भागतं, पण फायरमाउथ नराच्या पाठीवरच्या पराची लांब टोकं आणि एंजलच्या पोटाखालच्या दोऱ्या दिसल्या की त्यांना राहवत नाही. आणि एंजल संथ. पळता येत नाही आणि खाण्यातही मागे पडतो. दोघांनाही वगळ.

सिल्व्हर शार्क दोन इंचांचा विकतात आणि तो फुटाच्या घरात जातो. सकरचंही तेच. दुकानातला साधा सकर दीड फुटापर्यंत वाढतो. मग लोक तो तलावात नेऊन सोडतात आणि आपल्याकडच्या नद्या-तलावांतले देशी मासे त्याचा ताप भोगतात. तू तसं करणार नाहीस हे माहीत आहे, पण तशी वेळच का आणायची? त्याऐवजी एक ब्रिसलनोझ, म्हणजे सकरचाच छोटा भाऊबंद, घे. १२-१३ सेंटिमीटरला थांबतो.

आता टाकीचं गणित. ४८ बाय १८ बाय १८ इंच म्हणजे कागदावर २५५ लिटर. दोन इंच वाळू आणि वर दोन इंच रिकामी जागा धरली तर पाणी उरतं सुमारे २०० लिटर. एवढ्यात फायरमाउथची एक जोडी, आठ जायंट डॅनियो, चार स्वोर्डटेल (एक नर, तीन माद्या) आणि तो ब्रिसलनोझ. बस्स. टाकी रिकामी वाटेल, वाटू दे.

डॅनियो का, तर तो वरच्या थरात फिरतो, तळाशी त्याला काही देणंघेणं नाही, आणि मागे लागलंच कोणी तर हाताला लागत नाही. शिवाय वर थवा बिनधास्त फिरतो आहे हे दिसलं की खालचे सिक्लिड लपून बसत नाहीत, आसपास शिकारी नाही हे त्यांना त्यावरून कळतं. हा आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतलाच मासा. दहा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि उड्या मारतो, तेव्हा झाकणाला बोटभरही फट ठेवू नकोस. स्वोर्डटेल हा फायरमाउथच्याच मुलखातला, त्यालाही जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पाणी मानवतं. पिल्लं भरमसाट होतात आणि खालची मंडळी ती संपवतात. निऑन किंवा गप्पी असले चिमुकले मासे आणलेस तर त्यांचीही तीच गत, फक्त पैसे तुझे जातील. मिस केरला देखणा मासा आहे हे मान्य, पण निसर्गात तो धोक्यात आहे आणि त्याला गार, वाहतं पाणी लागतं. तुझ्या सोलापूरच्या मे महिन्यात तो तग धरणार नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र तुझं नशीब जोरावर आहे. युकातान चुनखडीचा प्रदेश, तिथलं पाणी जड. तुझ्या बोअरचं पाणी पीएच ७.५ ते ८ असेल तर त्याला हात लावू नकोस, आम्ल बनवायची औषधं आणू नकोस. फक्त बोअरचं ताजं पाणी थेट टाकीत नको, त्यात प्राणवायू कमी असतो. रात्रभर ड्रममध्ये एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेव. दर आठवड्याला ६० लिटर, म्हणजे तीन मोठ्या बादल्या बदल. फिल्टर तासाला हजार लिटरचा.

दगड मांडताना एक चूक सगळेच करतात : आधी वाळू, मग दगड. फायरमाउथ खणतो. खालची वाळू सरकली की दगड कलंडतो आणि तळाची काच जाते. तळाला पातळ थर्माकोल किंवा प्लास्टिकची जाळी टाक, तिच्यावर दगड, आणि मग सभोवती वाळू. धुतलेली बारीक वाळू हवी, ४०-४५ किलो लागेल. टोकदार खडी नको, तोंड सोलवटतं. दोन टोकांना दोन ढिगारे आणि मध्ये एक आडवं लाकूड, असं की एका टोकाच्या माशाला दुसरं टोक दिसू नये. नजरेआड झाला की पाठलाग बहुधा तिथेच थांबतो. मातीच्या कुंड्या तीन ठेव, मासे दोन असले तरी. एक ब्रिसलनोझला लागेल, आणि ती फायरमाउथच्या कुंडीपासून लांब ठेव, कारण तो रात्री अंडी चाटून जातो.

मासे सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. टाकी चार-सहा आठवडे माशांशिवाय चालवून अमोनिया आणि नायट्राइट ही पाण्यातली विषारी द्रव्यं शून्यावर आली की आधी डॅनियो, पंधरा दिवसांनी स्वोर्डटेल आणि ब्रिसलनोझ, फायरमाउथ सर्वांत शेवटी. आधी आला तर पूर्ण टाकी तो आपल्या नावावर करतो. प्रत्येक नवा मासा तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेव. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून आणलास तर नक्कीच, त्या गर्दीतून व्हाइट स्पॉट हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सहज घरी येतो. फायरमाउथची जोडी म्हणून विकलेली जोडी असतेच असं नाही. पाच पिल्लं घे, दोघांचं जमलं की बाकीची परत दे, तसं दुकानदाराशी आधीच बोलून ठेव.

खाणं : आधी वर तरंगणारे दाणे टाक, डॅनियो त्यात गुंतले की बुडणारे पेलेट (दाणे) दोन टोकांना एकाच वेळी. एकाच जागी टाकलेस तर तिथेच रोज मारामारी.

गालफडं फुगवणं आणि दोन हातांचा पाठलाग हे बोलणं आहे, त्याला घाबरू नकोस. पण एखादा मासा वरच्या कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे पर मिटून बसला, पर फाटले, दुसऱ्या दिवशीही खायला आला नाही, तर ‘होईल सवय’ म्हणत बसू नकोस. मारणाऱ्याला काढ, मार खाणाऱ्याला नको. मार खाणारा काढलास की मारणारा दुसऱ्या कोणाला धरतो. त्या मारणाऱ्याला आठवडाभर वेगळा ठेव, तोवर दगडांची मांडणी बदल आणि मग परत सोड. अंडी घातली की मात्र हेच सौम्य दांपत्य वाघ होतं. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पण पिल्लं फिरू लागेपर्यंत आणि नंतरही पहारा चालतो. त्यासाठी टाकीच्या मापाची जाळीदार पार्टिशन आधीच कापून ठेव. त्या दिवशी शोधत फिरायला वेळ नसतो.

पीएचचा आकडा आणि स्टँडची रुंदी कळव. भरलेली टाकी तीनशे किलोच्या आसपास जाते, तुझं जुनं टेबल त्याला पुरेल असं वाटत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे.

तुझा,
अविनाश