परीक्षा मार्चमध्ये घेतली तर आमची लेकरं तेव्हा उसाच्या फडात असतील

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

शाळा १ एप्रिलपासून सुरू करायची चर्चा परत परत निघायलीय, सीबीएसईसारखं सगळ्यांचं वेळापत्रक एक करा म्हणून. मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे, आणि या चर्चेत ऊसतोडीला जाणाऱ्या गावांचं नावसुद्धा कुणी घेत नाही म्हणून हे पत्र.

आमच्याकडं दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या गावात लागायला सुरू होतात. उचल आधीच घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघांनाही जावंच लागतं, मग लेकरू कुणाकडं ठेवणार? आजी-आजोबा हातीपायी धड असले तर त्यांच्याकडं, नाहीतर सोबत, कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा पार कर्नाटकात बेळगावकडं. दिवाळीनंतर वर्गात बघितलं की पोटात कालवतं, अर्ध्या जागा रिकाम्या. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, मार्चमध्ये, ऊस जास्त असला तर एप्रिल उजाडतो. २०२२ ला तर मराठवाड्यातच इतका ऊस उभा राहिला की मे संपत आला तरी गाळप चालूच होतं.

आता जूनच्या वेळापत्रकात वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये येते. पाडव्याच्या मागंपुढं गावात आलेलं लेकरू थोडे दिवस का होईना वर्गात बसतं, आम्ही त्याला जमेल तेवढं शिकवतो आणि ते पेपर देतं. शाळा १ एप्रिलला भरवायची तर परीक्षा मार्चमध्येच उरकावी लागणार ना? तेव्हा हे लेकरू फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेलं असतं. त्यात डिसेंबर २०२३ च्या निर्णयानंतर ५ वी आणि ८ वीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, पुनर्परीक्षेतही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. एकदा मागं राहिलेली ८ वीतली पोरगी परत शाळेत येईल असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या भागात येऊन बघावं, तिचं लग्नच लावून टाकतात.

कुणी म्हणेल की शिक्षण हमी कार्ड आहे की, जिथं जाईल तिथल्या शाळेत बसवा. कार्ड आम्ही देतो, पण कर्नाटकात गेल्यावर जवळची शाळा कन्नड, तिथं ते कार्ड घेऊन लेकरानं करायचं काय.

शाळेच्या कारभाराचंही बघा. पटाची मोजणी ३० सप्टेंबरची, त्यावर संचमान्यता (शाळेला किती शिक्षक ते ठरवणं) होते, म्हणजे गाड्या निघायच्या आधी सगळी लेकरं पटावर असतात म्हणून शिक्षकांची पदं टिकतात. वर्षाची सुरुवात पुढं-मागं करताना ही तारीखही सरकवली तर आमच्यासारख्या शाळांचे शिक्षक कागदावरच कमी होतील. फुकटची पुस्तकं जूनमध्ये पहिल्या दिवशी द्यायची असतात, ती मग मार्चअखेर पोचवावी लागतील आणि त्याच महिन्यात परीक्षा, निकाल, नवीन दाखले सगळं एकावर एक येणार. दोनशिक्षकी शाळेत हे कोण करणार आणि शिकवणार कोण?

उन्हाचं तर बोलायलाच नको. एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या पुढं, वर पत्रे, पिण्याचं पाणी टँकरचं. २०२५ ला पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल ठेवल्या तेव्हा सकाळच्या शाळेतही लेकरं घामानं भिजून पेपर लिहायची. विदर्भात ऊन जास्त म्हणून शाळा उशिरा उघडतात, २०२५ ला बाकी राज्यात १६ जून आणि तिकडं २३ जून होती, ते योग्यच आहे. पण पैनगंगेच्या पलीकडं विदर्भातल्या उमरखेडला जे ऊन असतं तेच अलीकडं मराठवाड्यातल्या हदगावला असतं की. म्हणजे भाग बघून तारीख बदलता येते हे सरकारनं स्वतःच मान्य केलंय. लातूर-धाराशिवला येळवशीची (वेळ अमावस्येची) स्थानिक सुट्टी मिळते तीही त्या भागाकडं बघूनच ना.

एकच वेळापत्रक हवं म्हणणाऱ्यांचं सगळंच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. एका घरात एक पोरगं सीबीएसईला आणि दुसरं आपल्या बोर्डाला असलं की आईबापाची ओढाताण होते, सुट्ट्या जुळत नाहीत, गावाला जाणं जमत नाही. लातूरला नीटच्या तयारीला पोरं पाठवणाऱ्यांनाही एप्रिलची सुरुवात सोयीची वाटते. पण त्या पोरांची सोय करायला उसाच्या फडातल्या लेकराचं वर्ष का बुडवायचं? कायद्यात पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास एवढं भरायचं आहे, ते हंगाम बघून भरता येतं.

म्हणून बीड, जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांत वेळापत्रक जिल्ह्यानं ठरवावं, वार्षिक परीक्षा पट्टा पडल्यावरच घ्यावी, आणि उशिरा परतणाऱ्या लेकरांसाठी जूनमध्ये पहिल्यांदाच परीक्षा द्यायची सोय असावी, नापासांची पुनर्परीक्षा म्हणून नव्हे. आणि आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांची मंजुरी दसऱ्याच्या आधी हातात पडावी, गाड्या निघून गेल्यावर आलेल्या मंजुरीत ठेवायला गावात लेकरंच उरलेली नसतात.

आपला,
एक जिल्हा परिषद शिक्षक, जि. बीड