अवघड गेमवरही लिहा, सगळे गेम एकाच माळेत ओवू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलं आणि गेमिंग यावर आलेला लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखात पैसे लावून खेळायची अ‍ॅप, बंदुका घेऊन धावाधाव करायचे मोबाइल गेम आणि कॉम्प्युटरवर डोकं लावून खेळायचे गेम हे सगळं एकाच माळेत ओवलंय, आणि शेवटी सल्ला काय तर मुलांच्या हातातून स्क्रीन काढून घ्या. पैशांच्या गेमबद्दल जे लिहिलंय ते मला शंभर टक्के पटतं, त्यात घरंच्या घरं बुडालीत. पण ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्यातसुद्धा पैशांचे गेम एकीकडे आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धेचे गेम आणि सोशल गेम म्हणजे नुसत्या करमणुकीचे गेम दुसरीकडे असा फरक केलाय. मग तोच फरक पेपरात का दिसत नाही?

मी एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे आणि बरीच वर्षं ऑरोरा फोर-एक्स नावाचा, अंतराळात साम्राज्य उभं करायचा कॉम्प्युटर गेम खेळतो. स्टीव्ह वॉम्स्ली नावाच्या एकाच माणसाने मुळात स्वतःला खेळायला म्हणून हा बनवला, फुकट मिळतो, आधी व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत होता मग त्याने सगळाच्या सगळा सी शार्प या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिला आणि ते व्हर्जन 2020 मध्ये आलं. यात ग्राफिक्स म्हणजे जवळपास काहीच नाही. काळ्या पडद्यावर गोल, ठिपके आणि नावं, बाकी सगळी टेबलं, एका खिडकीत दुसरी खिडकी. पृथ्वीपासून सुरुवात, आपली सूर्यमाला खरी, लघुग्रह आणि धूमकेतूंची नावंसुद्धा खरी, आणि तिथून माणसाला ताऱ्यांपर्यंत न्यायचं.

आता न्यायचं म्हणजे काय करायचं ते सांगतो, कारण गंमत तिथेच आहे. गेममध्ये अकरा काल्पनिक खनिजं आहेत. ड्युरेनियम जवळपास सगळ्यालाच लागतं, इंजिनाला गॅलिसाइट लागतं, सोरियमपासून इंधन बनतं. पृथ्वीवरचे साठे संपत जातात, आणि नुसता साठा मोठा असून भागत नाही, ते खनिज किती सहज निघतं याचाही वेगळा आकडा असतो, म्हणजे एखाद्या धूमकेतूवर थोडंच असलं तरी भराभर निघतं आणि दुसरीकडे ढीगभर असून वर्षानुवर्षं हाताला लागत नाही. मग ते आणायचं कसं? मालवाहू जहाजं लावा, नाहीतर मास ड्रायव्हर लावा. मास ड्रायव्हर म्हणजे खनिजाची पाकिटं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहाकडे फेकणारं यंत्र. पण ती झेलायला समोरच्या ग्रहावरही मास ड्रायव्हर लागतो, तो नसेल तर तीच पाकिटं बॉम्बसारखी तिथल्या वस्तीवर आदळतात! कोणी तुम्हाला आधी इशारा देत नाही. विचार तुम्हीच करायचा.

जहाजसुद्धा तयार मिळत नाही. इंजिन तुम्ही डिझाइन करायचं, टाकी किती मोठी ते तुम्ही ठरवायचं, खलाशी किती महिने घराबाहेर राहणार तेही आधीच लिहायचं कारण त्याहून जास्त राहिले तर त्यांचं मनोधैर्य खाली येतं, सुटे भाग किती न्यायचे ते ठरवायचं कारण वाटेत काहीतरी बिघडतंच. माझी भाची डिप्लोमाला आहे, सुट्टीत आली होती तेव्हा शेजारी बसून बघत होती. इंजिनाच्या खिडकीत पॉवर वाढवली की इंधनाचा आकडा एकदम उसळी मारतो हे तिने पकडलं आणि म्हणाली, "मामा, हे सरळ रेषेत का वाढत नाहीये?" मग वही काढली आणि एकेक आकडा बदलून टेबल करत बसली. नियम असा आहे की पॉवर जेवढ्या पटीने वाढवाल त्याचा अडीचावा घात इंधनाला लागतो, म्हणजे पॉवर दुप्पट केली तर तेवढ्याच कामाला साडेपाच पटीहून जास्त इंधन, आणि पॉवर अर्धी केली तर पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. घातांक तिला कॉलेजात शिकवलेत, परीक्षेत मार्कही पडलेत, पण मालवाहू जहाज मुद्दाम हळू का ठेवायचं आणि युद्धनौकेला ते का परवडत नाही हे त्या दुपारी तिचं तिलाच कळलं, मला काही सांगावं लागलं नाही.

मंगळाचंच घ्या. वस्ती करायची तर हवा बदलावी लागते, वर्षानुवर्षं वायू सोडत राहायचं. ऑक्सिजन पुरेसा झाला म्हणून काम संपलं असं नाही, एकूण हवेत त्याचं प्रमाण 30 टक्क्यांच्या वर गेलं तर माणसांना चालत नाही, म्हणून नायट्रोजनसारखा दुसरा वायू भरायचा, तापमान सांभाळायचं, शिवाय पाणीही लागतं. हे सगळं होईपर्यंत तिथल्या लोकांना जगवायची यंत्रसामग्री पृथ्वीवरून न्यायची, म्हणजे परत जहाजं, परत इंधन, परत सोरियम. माझ्या रोजच्या कामात एक बोल्ट आला नाही म्हणून अख्खी लाइन उभी राहते, इथेही तसंच, फक्त बोल्टाच्या जागी गॅलिसाइट.

लोक म्हणतात इतकं क्लिष्ट कशाला, हा गेम आहे की ऑफिस? मी उलट म्हणेन, ही क्लिष्टता काढली तर उरतं काय? इथे मिळणारा आनंद बटण दाबून बक्षीस मिळाल्याचा नाही. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे गेममधल्या, पाठवलेलं सर्व्हे जहाज, म्हणजे नवे ग्रह-खनिजं शोधणारं जहाज, पुरेसं इंधन घेऊन परत येतं आणि आपला हिशोब बरोबर होता हे कळतं, त्याचा तो आनंद आहे. तुमच्या लेखात मुलांचं लक्ष टिकत नाही म्हणून काळजी केलीये, ती खरीच आहे, पण इथे पाच सेकंदांपासून तीस दिवसांपर्यंत गेममधला वेळ पुढे ढकलत धीराने वाट बघावी लागते.

सगळंच कौतुक करायचं नाहीये. नवख्याला हात धरून शिकवणारं आत काही नाही, काही खिडक्यांमध्ये इतके आकडे कोंबलेत की डोळे दुखतात, जमिनीवरच्या सैन्याची रचना करायचा भाग मला आजही उगाच ताणलेला वाटतो, आणि साम्राज्य मोठं झालं की गेम फार मंद चालतो. हे सगळं परीक्षणात यायला हवं, जसं नाटकाच्या परीक्षणात येतं.

आणि खरी मागणी तीच आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 मध्ये पहिल्यांदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्या चौदा गेममध्ये ईव्ह ऑनलाइन हा आईसलंडचा अंतराळातला गेम आणि ड्वार्फ फोर्ट्रेस हा बुटक्यांची वस्ती चालवायचा गेम हे दोन्ही होते, आणि दोन्ही अवघडपणासाठीच नावाजलेले. आपल्याकडे पुस्तकांना पान आहे, सिनेमाला पान आहे, शब्दकोडं आणि सुडोकू रोज आहे, मग पंधरा दिवसांतून एकदा एका गेमवर नीट, खेळून बघितलेल्या माणसाने लिहिलेला अर्धा कॉलम का नसावा? पालकांना तरी कळेल की मुलगा नेमकं काय खेळतोय, आणि ओरडायचं की शेजारी जाऊन बसायचं ते त्यांना ठरवता येईल.

दुसरं, ऑरोराची माहिती मराठीत मला तरी कुठे सापडली नाही, सगळं इंग्रजीत. गावाकडच्या पोराकडे जुना लॅपटॉप असतो, डोकं असतं, पण शंभर पानं इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो आणि तो सोडून देतो. मी माझ्या सर्व्हे जहाजांना गलबत आणि युद्धनौकांना गुराब म्हणतो, आंग्र्यांच्या आरमारातली नावं आहेत, गेम कुठलंही नाव देऊ देतो, तर माहितीही आपल्या भाषेत का नको? सुरुवातीचे लेख मी लिहून द्यायला तयार आहे, मानधनाची अपेक्षा नाही. पहिली खाण, पहिलं इंजिन आणि पहिलं सर्व्हे जहाज इथपर्यंत नवख्याला नेणारा मजकूर तयार आहे, भाचीचं टेबलही त्यात घेतलंय, कळवलंत तर लगेच पाठवतो.

आपला नियमित वाचक,
चाकण