४२ चौकोनांचं दुपटं : ओहायोतल्या ताईंना पत्र

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

परवा सांगलीला सुखरूप पोचले. बॅगा अजून तशाच आहेत, पण आधी हे पत्र लिहायला बसले. मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. मुलीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी बायका आहेत. हाताला शिवणाची सवय असते, नातवंडासाठी आपल्या हातचं काहीतरी करावंसं वाटतं, आणि तिथल्या दुकानात बेतून ठेवलेल्या कापडाची ती सुंदर पाकिटं बघून नेमकं काय घ्यायचं ते कळत नाही. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

मंडळाच्या हळदीकुंकवाला आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या पर्समध्ये एक पिशवी होती, आठवतं? आत दोऱ्यांचा गुंता होता. पाच इंची चौकोनांचं पाकीट मी आणल्या दिवशीच धुवायच्या मशीनमध्ये टाकलं होतं. कोरं सुती कापड भिजवल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही, हे माझ्या आईनं मला शिकवलेलं. खळ निघते, आटायचं ते आटून जातं. पण हे कापड आधीच कापलेलं होतं. कडा सुटल्या, चौकोन वाकडे झाले, आणि उजव्या मनगटाचं हाड वर्षापूर्वी मोडल्यामुळे नवं कापड घेऊन पुन्हा ४२ तुकडे कापायची ताकद माझ्या हातात नव्हती. मार्चमध्ये बाळ येणार होतं. तुम्हाला सांगताना मला रडूच आलं होतं.

तुम्ही त्यातला एक चौकोन हातावर पसरून नीट पाहिलात आणि म्हणालात, "बेतायचं काम दुसऱ्यानं केलंय, जुळवायचं आपण करू. शनिवारी या." त्या एका वाक्यानं मला किती धीर आला ते तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगते.

शनिवारी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही कपाटातलं एकेक पाकीट मांडलंत. तोवर मला ती नावं बेकरीतल्या फळ्यासारखी वाटत होती : जेली रोल, लेअर केक, हनी बन. ही नावं डॅलसच्या मोडा कंपनीची, आणि तेच माप दुसरी कंपनी दुसऱ्या नावानं विकते, हे तुमच्याकडून कळलं. रॉबर्ट कॉफमनचा रोल अप आणि रायली ब्लेकची रोली पोली म्हणजेही अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळीच. म्हणून नाव पाठ करू नका, माप आणि नग वाचा, असं तुम्ही बजावलंत. चार्म पॅक म्हणजे ५ इंची चौकोन, लेअर केक म्हणजे १० इंची, मोडाच्या पाकिटात दोन्हींचे नग ४२. हनी बनच्या पट्ट्या दीड इंची. जेली रोलच्या अडीच इंची, कापडाच्या पूर्ण पन्ह्याइतक्या लांब, बहुतेक वेळा ४०.

फॅट क्वार्टर मात्र मला तुम्ही कागद फाडून दाखवलंत तेव्हाच कळलं. पाव वार कापड सरळ मागितलं तर ९ इंच रुंद आणि ४४ इंच लांब अशी चिंचोळी पट्टी हातात पडते. फॅट क्वार्टर हाही पाव वारच, पण अर्धा वार कापून मधोमध दुभागलेला, म्हणून १८ बाय २२. कापड तेवढंच, पण त्यातून १० इंची चौकोन निघतो, पट्टीतून निघत नाही. ५ इंची हवे असतील तर १२ निघतात. आपल्याकडे ब्लाउजपीस बेतताना बाया याच हिशेबानं आडवं-उभं फिरवून बघतात, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

मग तुम्ही नवं पाकीट उघडलंत, तुमच्या स्वतःच्या साठ्यातलं. पैसे घेतले नाहीत. त्यातला एक चौकोन काळ्या चटईवर ठेवून वर पारदर्शक मोजपट्टी धरलीत आणि मला वाकून बघायला लावलंत. कडेला बारीक दाते. हे दाते कापड हाताळताना दोरे सुटू नयेत म्हणून असतात, धुण्याला ते पुरे पडत नाहीत. खरा प्रश्न असा की पाच इंच मोजायचे कुठून? दात्याच्या टोकापासून की खाचेपासून? हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून दर पाकिटातला एक तुकडा आधी मोजायचा. आमच्या पाकिटात टोकापासून टोकापर्यंत बरोबर पाच भरले, म्हणजे टीप मारताना दात्यांची टोकं खुणेला लावायची. इतकी साधी गोष्ट, पण ती कळली नसती तर माझा एकही कोपरा जुळला नसता.

कारण माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडायचं कापड, फक्त पाव इंचाची. परकर-पोलक्याला अर्धा-पाऊण इंच माया सोडणाऱ्या माझ्या हाताला ती जमेना. "दोन सूत," तुम्ही म्हणालात, आणि ते माप चटकन डोक्यात बसलं, आमचे सुतारमामा तसंच बोलायचे. तुम्ही मशीनच्या पाट्यावर सुईपासून दोन सूत अंतरावर चिकटपट्टी लावून दिलीत. त्यावर परीक्षाही घेतलीत : अडीच इंची तीन पट्ट्या जोडायच्या, इस्त्री करायची, रुंदी साडेसहा भरली तर माया बरोबर. माझी पहिली सव्वासहा भरली. चौथ्या वेळी साडेसहा. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची, हेही तेव्हाच. फिरवली की कापड उरेबात, म्हणजे तिरकं, ताणलं जातं.

चौकोन मांडायला आपण दिवाणखान्यात पांढरी चादर पसरली. सहा आडवे, सात उभे. शिवल्यावर प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा राहतो, म्हणजे २७ बाय साडेएकतीस. मी निळे एकीकडे, पिवळे एकीकडे असं रंगानं लावत होते. तुम्ही फोनवर त्याचा फोटो काढून तो काळापांढरा केलात. सगळं एकच करडं दिसत होतं. रंग वेगळे, पण गडद-फिकेपणा सारखा, म्हणून नक्षी उठेना. एकाच मालिकेतलं कापड एकमेकांशी जुळतं हा त्या पाकिटांचा गुण, आणि माझ्या मते तोच त्यांचा दोषही. तुम्ही तुमच्या चिंध्यांच्या डब्यातून पाच गडद तुकडे काढून माझ्या चौकोनांच्या मापाचे करून दिलेत, मधले पाच चौकोन बदललेत, आणि दुपट्यात जीव आला.

अस्तराला काय, हे तुम्ही विचारलंत तेव्हा मी आईचं इरकल लुगडं बाहेर काढलं. ते कापून चौकोनांमध्ये मिसळावं असं माझ्या मनात होतं. तुम्ही दोन्ही कापडं माझ्या बोटांत धरायला दिलीत. लुगडं वापरून वापरून मऊ आणि विरळ झालेलं, नवं सुती कापड घट्ट. शेजारी शेजारी जोडली असती तर लुगड्याची बाजू ओढली गेली असती. ते अख्खंच मागे लावू या, असं तुम्ही सुचवलंत. चारी बाजूंना साडेचार इंचांची किनार लावल्यावर दुपटं ३६ बाय साडेचाळीस झालं आणि लुगड्याच्या पन्ह्यात बरोबर बसलं. आईला तिच्या पणतीखाली अंथरायला मिळालं, ताई. हे मी कधी विसरणार नाही.

कच्चे टाके घालून झाल्यावर तुम्ही सुई माझ्या हातात दिलीत आणि गोधडीचा धावदोरा शिकवायला सांगितलंत. मी कडेनं सुरू करून आत आत येत गेले, तुम्ही शेजारी बसून टाका बघत होतात. गोट लावून झाल्यावर धुताना लुगड्याचा लाल रंग इकडेतिकडे लागू नये म्हणून रंग धरणारा कागद मशीनमध्ये टाकायची आठवणही तुमचीच. नवं कापड आणि आतला कापूस त्या पहिल्या धुण्यात आटले, सगळीकडे बारीक सुरकुत्या पडल्या, आणि ते दुपटं अगदी आमच्या घरातल्या वाकळीसारखं दिसायला लागलं.

जेली रोलचं पांघरूण शिवलं त्या दिवसाचा विषय तर मुलीच्या घरी अजून निघतो. ४० पट्ट्या टोकाला टोक जोडून जवळजवळ सोळाशे इंचांची एकच लांब पट्टी. सांधे एकाखाली एक येऊ नयेत म्हणून सुरुवातीचे १८ इंच कापून टाकायचे, मग दोन टोकं एकत्र आणून लांबीभर शिवायची, घडी कापायची, पुन्हा तेच. १६०० चे ८००, मग ४००, २००, १००, ५०. पाच वेळा दुमडल्यावर ३२ पट्ट्या, शिवल्यावर प्रत्येक २ इंचांची, म्हणजे ५० बाय ६४. सोफ्यावरचं पांघरूण एका दुपारीत. उलगडण्याआधी गुंडाळीच्या कडेचा भुरका चिकट रोलरनं काढायचा, एवढं मात्र विसरू नये.

वाचणाऱ्या बायकांना माझं एकच सांगणं : पाकीट वाराच्या भावानं बघितलं तर महाग पडतं, चार्म पॅकमध्ये जेमतेम दोन तृतीयांश वार कापड असतं. म्हणून विविधतेसाठी पाकीट घ्या, किनार आणि अस्तराला वारावर कापड घ्या.

तुमची पारदर्शक मोजपट्टी मुलीकडे राहिलीय, ती येत्या शनिवारी आणून देईल. सोबत एक दहा इंची चौकोनांचं पाकीट आहे, ते तुमच्या कपाटातल्या रिकाम्या जागेसाठी. आणि संक्रांतीला इकडे येणार असं म्हणाला होतात, तेव्हा दोन दिवस सांगलीला नक्की या. माझ्याकडे आईची आणखी दोन लुगडी आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची,
सांगलीची मैत्रीण