किल्ल्यातली चाळ

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

शनिवारी ग्रुपवर एवढे फोटो टाकले तर बाबा तुम्ही नुसता अंगठा दाखवलात आणि आईने विचारलं स्वेटर कुठाय. म्हणून म्हटलं नीट बसून लिहूनच काढावं. दादाला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, नाहीतर बाबा मोबाईल नाकाला लावून वाचत बसतील.

तर मी इथे बेल्जियममधल्या घेंटला गेले होते, ब्रसेल्सहून ट्रेनने अर्धा तास. इथले लोक घशातून खाकरल्यासारखं 'खेंट' म्हणतात, मला अजून जमत नाही. तिथे गावाच्या अगदी मधोमध, म्हणजे समोरून ट्राम जाते, बाजूला चिप्सचं दुकान, असा एक किल्ला आहे, ग्राव्हन्स्टेन. म्हणजे काउंटांचा दगडी वाडा म्हणा, काउंट म्हणजे इथले सरदार. बाबा, तुमच्याबरोबर लहानपणी अजिंक्यताऱ्यापासून सगळं पालथं घातल्यामुळे किल्ला म्हटलं की आधी डोंगर, मग दम, मग लिंबू सरबत अशीच सवय, इथे तर ट्राममधून उतरलं की दरवाजाच! डोंगर नाहीच या भागात, सगळं तव्यासारखं सपाट, म्हणून भिंतीभोवती नदीचं पाणी फिरवलंय. आपल्याकडच्या भुईकोटासारखं.

दरवाजावर शिलालेख आहे लॅटिनमधला, आणि मी तुमचीच पोरगी, तिथेच दहा मिनिटं मान वर करून उभी, मागचे लोक वैतागले. फ्लँडर्सचा, म्हणजे याच भागाचा, काउंट फिलिप, याने ११८० साली हा किल्ला बांधवला असं त्यात आहे, आणि आई तुला आवडेल, बापाच्या नावाबरोबर आईचंही नाव घातलंय, सिबिला. हा फिलिप पुढे धर्मयुद्धात गेला आणि ११९१ मध्ये तिकडे अक्कोला वारला.

आता बाबांचा नेहमीचा प्रश्न, शत्रू कुठल्या बाजूने यायचा? मी पण तेच बघत होते, खाडी कुठे, खिंड कुठे, आणि मग कळलं की बाहेरच्या शत्रूपेक्षा याची भीती गावालाच जास्त. घेंटचे व्यापारी लोकरीच्या कापडावर इतके गब्बर झालेले की स्वतःची उंच दगडी घरं बांधायला लागले, तेव्हा त्यांना जरा दाबात ठेवायला काउंटने त्यांच्या घरांपेक्षा उंच हे धूड उभं केलं. म्हणजे किल्ल्याचं तोंड स्वतःच्याच रयतेकडे! मला नाही पटलं बुवा. १३५३ नंतर तर काउंट राहायलाही दुसरीकडे गेले, मग इथे कोर्ट, तुरुंग, टांकसाळ असं काय काय चाललं. छळाची हत्यारं आणि गिलोटीन असलेली एक खोली आहे, ती मी पटकन उरकली, आईने तर बघूच नये.

शौचकूप मात्र बघितले. भिंतीतून बाहेर काढलेले, खाली सरळ पाणी. बाबा तुम्ही गडावर पाण्याची टाकी शोधता तसं मी हे शोधलं, आता हसा.

वरती चढायला गोल जिना आहे, दगडी, इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटायचं. बाबांच्या गुडघ्याला जमणार नाही हे मी आत्ताच सांगून ठेवते, उगाच 'मी चढेन गं' नको. पण माथ्यावरून घेंटचे तिन्ही मनोरे दिसतात, सेंट निकोलसचं चर्च, घंटेचा बेलफोर्ट आणि सेंट बाव्होचं कॅथेड्रल, पाऊस भुरभुरत होता तरी मी हलले नाही तिथून. (स्वेटर आतून होता आई.)

आता खरं सांगायचं ते. आई, तू कुठल्याही वाड्यात गेलीस की विचारतेस ना, इथे बायका कुठे राहायच्या, चूल कुठे होती. मी तेच शोधत होते आणि मला काय सापडलं माहितीये? १९ व्या शतकात या किल्ल्यात सूतगिरणी होती! खरंच. घेंटच्या एका माणसाने, लीव्हन बाउवेन्स त्याचं नाव, १८०० च्या आसपास इंग्लंडमधून सूतकताईचं यंत्र सुटे भाग करून चोरून आणलं, तिकडे यंत्र बाहेर न्यायला बंदी होती, आणि मग घेंट भरभरून गिरण्यांचं गाव झालं. काउंटच्या दालनात यंत्रं बसली आणि कामगारांची बिऱ्हाडं तटाला चिकटून, किल्ल्याच्या आतच. म्हणजे चाळच की गं! मी अंगणात उभी राहून तटाकडे बघत बसले, आता तिथे काहीच नाही, सगळं पाडून साफ केलंय. नंतर डागडुजी करून १९०७ साली लोकांना उघडला, आणि आज जो किल्ला दिसतो त्यातला बराचसा त्या डागडुजीचाच आहे, मध्ययुगातला किल्ला कसा असावा असं त्यांना वाटलं तसा. काउंट परत आणून बसवले, बिऱ्हाडं गेली.

मला एकदम लालबागचे आजोबा आठवले. गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते ना ते, साच्यांच्या आवाजाने कान गेलेले म्हणून आपण सगळे अजून मोठ्याने बोलतो. आता गिरणीच्या जागी टॉवर आहे म्हणतेस, तिथेही काही पाटी नाही ना?

अजून एक गंमत, १९४९ च्या नोव्हेंबरात कॉलेजच्या शंभराहून जास्त पोरांनी हा किल्ला ताब्यात घेतला होता, कशासाठी तर बिअर महागली म्हणून. दार लावून घेतलं आणि वरून पोलिसांवर सडकी फळं मारली. आठशे वर्षांत किल्ल्याचा खरा उपयोग त्यांनीच केला म्हणायचं.

तुम्ही मे महिन्यात या. बाबा खाली अंगणात आणि तटापाशी फिरतील, समोरच्या चौकात कॅफे आहेत, आई आणि मी वर जाऊन येऊ. आणि घेंटला जांभळ्या नाकासारखी एक गोळी मिळते, क्युबरडॉन, वरून कडक आतून पाकासारखी, आईला नक्की गोड गोड लागेल, बाबांच्या शुगरला नाही.

आई, आजोबांचा गिरणीचा बिल्ला ट्रंकेत आहे ना, त्याचा फोटो काढून पाठव. आणि त्यांच्या लालबागच्या खोलीत नक्की किती माणसं राहायची ते पण लिही, तू कधी अकरा म्हणतेस कधी चौदा.

तुमची,
चिमी