मा. कामगार मंत्री यांना खुलं पत्र: बारा तासांची 'लेखी संमती' नक्की कोण देतंय?

माननीय कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,

नमस्कार साहेब.

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली, तिमाहीच्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर गेली, आणि वर सांगितलं गेलं की काळजी करू नका, कामगाराच्या लेखी संमतीशिवाय काही होणार नाही. मला फक्त या लेखी संमतीबद्दल बोलायचंय.

मी पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, भोसरीत राहतो. आमच्या शेजारच्या खोलीत परभणीकडचा एक पोरगा राहायचा, एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लागला आणि थोड्याच दिवसात त्याला ऑपरेटर म्हणून पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर बसवलं. या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली यावी म्हणून, म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, राहूच शकत नाही. तिथं एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं, कारण दोन हात अडकले की पीस कमी निघतात आणि सुपरवायझर ओरडतो. डबल ड्यूटी चालू होती, पहाटेची वेळ, डोळा लागला असेल किंवा नसेल, उजव्या हाताची दोन बोटं गेली. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड तोवर काढलेलंच नव्हतं, ते अपघातानंतर घाईघाईत काढलं. आता त्याने डबल ड्यूटीला संमती दिली होती का म्हणाल तर कागदोपत्री दिली होती, कामावर घेतानाच पाच-सहा कागदांवर सह्या घेतात, काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवत नाही आणि विचारायची हिंमतही कोणाची नसते. नाही म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी गेटवर पंचिंग बंद.

संमतीचा हा मुद्दा फार जुना आहे साहेब. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १८९५ मध्ये कायदा केला होता की बेकरी कामगाराकडून दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. लॉकनर नावाच्या बेकरीवाल्याने तो कोर्टात नेला आणि १९०५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदाच रद्द केला, म्हणे किती तास राबायचं हे मालक आणि कामगार आपसात ठरवतील, सरकारने त्यांच्या कराराच्या स्वातंत्र्यात पडू नये. भट्टीसमोर पिठाच्या धुरळ्यात उभ्या असलेल्या माणसाला कोर्टाने मालकाच्या बरोबरीचा धरला.

त्याच वर्षी तिकडे एका समाजवादी साप्ताहिकात अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी क्रमशः छापून येत होती. हा माणूस १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे कामगारांमध्ये फिरला, त्यांच्या घरी बसला आणि मग लिहायला घेतलं. लिथुआनियाहून पोटासाठी आलेलं एक कुटुंब तिथं कसं भरडून निघतं त्याची ती गोष्ट. मला त्यातला सगळ्यात जास्त लागलेला भाग म्हणजे प्रत्येक खात्याचा वेगळा आजार. मांस खारवणाऱ्यांची बोटं ॲसिडने खाल्लेली, सुरी चालवणाऱ्यांच्या अंगठ्यांवर इतके घाव की अंगठा उरलेलाच नाही, आणि हात बघून माणूस कुठल्या खात्यात राबतो ते कळावं. चाकण-भोसरीच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटताना उभे राहा, प्रेस शॉपची माणसं आजही तशीच ओळखू येतात.

फेब्रुवारी १९०६ मध्ये पुस्तक आलं आणि देशभर गदारोळ झाला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने नील आणि रेनॉल्ड्स या दोघांना शिकागोला पाठवलं, त्यांनी घाणीचं जे वर्णन आणलं त्याने तिथली काँग्रेस, म्हणजे संसद, हादरली आणि ३० जून १९०६ ला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे सही झाले. साधारण चार महिन्यात! सरकारने ठरवलं तर ते किती जोरात पळू शकतं बघा. पण त्या दोन्ही कायद्यांमध्ये कामगाराचे तास नाहीत, पगार नाही, तुटलेल्या बोटाची भरपाई नाही. लोक पेटले ते आपल्या ताटात काय येतंय या भीतीने. सिंक्लेअर स्वतःच नंतर म्हणाला की मी लोकांच्या काळजावर नेम धरला होता आणि चुकून तो पोटाला लागला. तासांना देशपातळीवर मर्यादा घालणारा कायदा यायला १९३८ उजाडलं, आणि मधल्या काळात १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात आग लागली, बाहेर पडायचं दार कुलूपबंद, १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली.

हे सगळं अमेरिकेचं झालं, पण आपल्याकडे तर याच्याही आधी मागणी झाली होती हो. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा निकामी झाला तर पोटापाण्याची सोय. रविवार मिळायला १८९० चा जून उजाडला. साहेब, ती पण लेखी गोष्टच होती, पण कामगारांनी एकत्र बसून, वाचून, स्वतःहून केलेली सही होती. ठेकेदाराच्या टेबलावर एकट्या पोराकडून घेतलेल्या सहीला तुम्ही तेवढंच वजन देताय का?

आणि आपल्याकडे आगी लागतच नाहीत असं नाही. जून २०२१ मध्ये मुळशीच्या उरवड्यात १७ जण गेले, त्यातही बायकाच जास्त. डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या बायका जळाल्या. डोंबिवली २०१६ ला हादरली, २०२४ ला परत हादरली. दरवेळी मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते, आणि त्या कारखान्याची शेवटची तपासणी कधी झाली होती, कोणी केली होती, काय लिहिलं होतं हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. आता केंद्राच्या नव्या लेबर कोडमध्ये, म्हणजे कामगार कायद्यात, इन्स्पेक्टरचं नाव 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' झालंय, ठीक आहे, मालकाला मदत करा, पण चिकटपट्टी लावलेलं बटण बघायला रात्री दोन वाजता कोण जाणार?

म्हणून मागणी साधी आहे. पॉवर प्रेस, भट्टी, फाउंड्री आणि केमिकल इथं १२ तास नकोतच, संमती असो वा नसो. बाकी ठिकाणी संमती घ्यायचीच असेल तर ती कामावर घेताना एकदाच नको, दर महिन्याला, कामगाराच्या भाषेत, ठेकेदार समोर नसताना घ्या, आणि नाही म्हटल्यावर ज्याचं काम गेलं त्याचं काम का गेलं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाका. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा प्रत्येक तपासणी अहवाल नेटवर टाका, कारखान्याच्या नावासकट. अपघातानंतर काढलेल्या ईएसआय कार्डांची तर वेगळी यादीच करा, जॉइनिंगची तारीख आणि कार्डाची तारीख शेजारी शेजारी ठेवली की कोण काय करतंय ते कोणालाही दिसेल.

आणि एकदा भोसरीला या साहेब, आधी फोन न करता, थर्ड शिफ्टला. गल्ल्या मी दाखवतो.

आपला,
भोसरीचा एक रहिवासी