जांभा जांभळा कसा झाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत वाचकांच्या छायाचित्र स्पर्धेतला पहिल्या नंबरचा फोटो छापलाय. खाली ओळ आहे, 'कास पठारावरची रम्य सायंकाळ'. मी साताऱ्यात बत्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. दुकान बंद करूनही आता बराच काळ झाला, पण खोड जात नाही. फोटो आधी चष्म्यातून पाहिला, मग निगेटिव्ह तपासायचं जुनं भिंग शोधून काढलं आणि त्यातून पाहिला. बायको म्हणाली, पेपर वाचताय की खोटी नोट ओळखताय?

फोटो असा. खाली सगळीकडे जांभळी फुलं, मध्ये कुमुदिनीचं तळं, वर शेंदरी-सोनेरी ढग आणि ढगांच्या फटीतून मावळता सूर्य. देखणा आहे, नाही कशाला म्हणू? पण सूर्य समोर असून फुलांना सावलीच नाही. फुलांवरचा उजेड भरल्या आभाळाचा आहे, पावसाळी दुपारी असतो तसा सगळीकडून सारखा. वर आकाश पेटलंय आणि खाली पाणी राखाडी. त्या तळ्याला आपल्या डोक्यावर काय चाललंय याची खबरच नाही. डावीकडच्या झाडाच्या शेंड्याभोवती पांढुरकी कड आहे, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. आणि सगळ्यात गंमत खडकाची. कासचा कातळ जांभ्याचा, विटकरी-काळपट. या फोटोत तो चक्क जांभळा झालाय. नावात साम्य आहे म्हणून इतकी सलगी!

काय झालं असणार ते सांगतो. फुलांचा जांभळा रंग फिका वाटला म्हणून सगळ्या चित्राचाच रंग ओढून वाढवला. फुलांपुरता वाढवायची सोय असते, पण ती वापरायला दोन मिनिटं जास्त लागतात. आणि आकाश तर तयार माल आहे. फोटोशॉपमध्ये २०२० पासून आकाश बदलायची सोय आलीय. निळी, संध्याकाळची, नाट्यमय अशी आकाशं त्यात आधीच भरून ठेवलेली असतात. एक टिचकी मारली की जुनं जातं, नवं बसतं. हेच ढग मी या वर्षात राजगडावर पाहिले, हरिहरेश्वरच्या समुद्रावर पाहिले आणि एका लग्नाच्या अल्बममध्येही पाहिले.

आता आपण म्हणाल, म्हातारा डार्करूमच्या आठवणी काढून नव्या पोरांना नावं ठेवतोय. तसं नाही. उलट या बाबतीत मीच जुना गुन्हेगार आहे. १९८९ साली इथल्या एका पतसंस्थेला कॅलेंडरसाठी अजिंक्यताऱ्याचा मोठा ब्लॅक अँड व्हाइट फोटो हवा होता. मी एप्रिलमध्ये यवतेश्वरच्या घाटातून तो काढला. किल्ला छान आला, पण आकाश कोरं, धुतलेल्या धोतरासारखं. तेव्हा ही रोजचीच रड होती. निळं आकाश फिल्मवर पांढरं पडायचं, म्हणून लेन्सला पिवळी नाहीतर नारिंगी काच लावायची. पण आकाशात ढगच नसतील तर काच तरी काय करणार? माझ्याकडे ऑगस्टमधली सज्जनगडाची एक निगेटिव्ह होती, तिच्यात ढगांचे डोंगर. पुठ्ठ्यावर किल्ल्याची कड कापली. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, आधी आकाश झाकून किल्ला छापला, मग निगेटिव्ह बदलली, किल्ला झाकला आणि त्याच कागदावर ढग छापले. सतरा कागद वाया गेले. अठराव्याला कड जुळली. हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढून तो ओला कागद मी लाल दिव्याखाली धरला, तेव्हा मला वाटलं, आपल्यासारखा कलाकार नाही.

कॅलेंडर छापून आलं, सगळ्यांनी कौतुक केलं. आमच्याकडे दूध घालायला येणारे एक म्हातारबा तेवढे त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "झाडं खराट्यावानी वाळल्याली, अन् ढग श्रावणातलं. कुठलं साल म्हणायचं हे?" दुधाचं माप ओतून निघून गेले. मला बक्षिसं मिळालीत, त्यांतली निम्मी आठवत नाहीत. हे वाक्य आठवतं.

ही युक्ती काही माझी नव्हे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ले ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास समुद्राच्या चित्रांसाठी हेच केलं होतं, पाण्याची काचेवरची निगेटिव्ह वेगळी आणि आकाशाची वेगळी. अमेरिकेचे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स तर निसर्ग छायाचित्रणातले वाडवडील. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा १९४१चा फोटो जगभर माहीत आहे. त्याच्या आधीच्या प्रिंटांत आकाशात फिकट ढगांचे पट्टे दिसतात. पुढे त्यांनी त्याच निगेटिव्हवरून आकाश गडद करत करत जवळजवळ काळंभोर केलं. पण चंद्र तिथलाच, थडग्यांवरचे पांढरे क्रूस तिथलेच, उजेड त्याच घटकेचा. मी केलं ते वेगळं होतं. मी एप्रिलच्या डोक्यावर ऑगस्ट ठेवला.

रंगीत फिल्म तरी कुठे खरं बोलायची? १९९० साली फुजीची वेल्व्हिया आली आणि हिरवा रंग असा काही यायला लागला की ठोसेघरचं रान बघून लोक विचारायचे, केरळला गेला होतात का? बागेत लावतात ते निळं अ‍ॅजेरॅटम, आपल्या ओसाडीच्या भावकीतलं, ते रंगीत फिल्मवर गुलाबीकडे झुकायचं. कारण असं की ते फूल लाल पट्ट्याच्या अगदी टोकाचा प्रकाशही भरपूर परत फेकतं. तो आपल्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, फिल्मला दिसायचा. आणि हल्लीचे फोन! बटण एकदा दाबलं की फोन आतल्या आत अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उजळतो, आकाश निळं करतो आणि मग आपल्याला फोटो दाखवतो. म्हणून 'एडिट न केलेला फोटो' अशी छाती ठोकणाऱ्यांचंही मला हसू येतं. तुम्ही नाही केलं, त्याने केलं.

माझ्या नातीने मला चार वर्षांपूर्वी लॅपटॉपवर लाइटरूम हे फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर शिकवलं. तेव्हापासून मी कासचे फोटो रॉमध्ये काढतो. रॉ फाइल म्हणजे न धुतलेली निगेटिव्हच. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटो-फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे सावलीत दबलेलं गवत वर काढलं तरी चित्र फाटत नाही. डार्करूममध्ये तळहात आडवा धरून कागदाचा एक कोपरा उजळ ठेवायचो आणि मुठीच्या भोकातून दुसरा करपवायचो. तेच आता माउसने होतं, आणि सतरा कागद वाया जात नाहीत. मला या यंत्राचं कौतुक आहे, हे कृपया लिहून घ्या.

गेल्या सप्टेंबरमधला एक फोटो सांगतो. सकाळचे सात, धुकं, समोर सीतेची आसवं. हे फूल नखाएवढंही नसतं. कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने ढगाळ उजेड मोजला आणि सगळं निळं करून ठेवलं. घरी बसून आठवणीने रंग दुरुस्त करायला गेलो तर आठवण फसवते, ती दर खेपेला थोडा जास्तच रंग घालते. म्हणून मी आता जागेवरच वहीत टिपून ठेवतो. त्या दिवशीची नोंद आहे, 'वांग्याच्या फुलापेक्षा फिकट, मध्ये पांढरा ठिपका, दव असल्यामुळे आणखी फिकट'. त्याबरहुकूम निळा थोडा तांबूसकडे वळवला आणि जांभळ्याचा जोर कमी केला. होय, कमी केला. धुकं घालवायची एक पट्टी असते, ती सगळे उजवीकडे ओढतात. मी किंचित डावीकडे नेली, कारण त्या सकाळी पुढच्या दहा पावलांपलीकडे दिसत नव्हतं आणि फोटोत मात्र पार पलीकडची कड दिसत होती.

एका कोपऱ्यात वेफर्सचं रिकामं पाकीट आलं होतं. ते पुसत बसलो. आजूबाजूचं गवत उचलून त्यावर लावायचं, पुन्हा मोठं करून बघायचं, असं वीस मिनिटं चाललं. नात मागे उभी होती. म्हणाली, "आजोबा, तिथेच वाकून उचललं असतं तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाकीट अजून तिथेच असेल, माझ्या फोटोत मात्र पठार स्वच्छ आहे.

आता मुद्द्याचं. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. साडेआठशेहून अधिक जातींच्या फुलवनस्पती तिथे नोंदल्या आहेत. पण त्या सगळ्या एका दिवशी एका रंगात हजेरी लावत नाहीत. आज पांढरे गेंद, पंधरा दिवसांनी गुलाबी तेरडा, मग पिवळी सोनकी. तीही पट्ट्यापट्ट्यांनी, मध्ये गवत, मध्ये खडक, मध्ये पाणी साचलेलं. उभं राहून पाहिलं तर गालिचा क्वचितच दिसतो. गुडघे टेकून, लांबची लेन्स लावून काढलं की मागची-पुढची फुलं एकमेकांना चिकटतात आणि गालिचा तयार होतो. म्हणजे सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधीच लेन्सने निम्मं विणकाम केलेलं असतं. त्यावर पुन्हा असा रंग चढवला की पुण्या-मुंबईहून माणसं पहाटे निघून, तिकीट काढून येतात आणि पाच मिनिटांत विचारतात, "ते जांभळं कुठंय?"

हे मी ऐकीव सांगत नाही. तिथे आसपासच्या गावांची माणसं शिट्टी घेऊन उभी असतात, लोकांनी वाट सोडू नये म्हणून. त्यांतल्या एका पोराने मला सांगितलं, "काका, लोक मोबाइलमधला फोटो दाखवत्यात आणि म्हणत्यात, इथं घेऊन चला. मी म्हणतो, ते इथंच हाय, तुम्ही त्याच्यावरच उभं हाय." खरंच एक कुटुंब सीतेच्या आसवांवर उभं राहून फुलं शोधत होतं. कुमुदिनी पाहायला गेलेल्यांचीही तीच तऱ्हा. ती फुलं पांढरी, नाजूक, मध्ये पिवळी. फोटोंत ती गुलाबी कमळासारखी करून टाकलेली, त्यामुळे प्रत्यक्ष पाहून माणसं म्हणतात, "एवढंच?" हा शब्द मला लागतो. कासला म्हणावा असा तो शब्द नव्हे.

आपल्या स्पर्धेला माझं सांगणं एवढंच की फोटोखाली एक ओळ वाढवा. उजेड-सावली आणि रंगाचा तोल यांसाठी काही लिहायची गरज नाही. तेवढं मीही करतो, फोनही करतो. पण आकाश दुसरीकडचं असेल, चंद्र मोठा केला असेल, पक्षी आणून बसवले असतील, तर 'आकाश बदललेले' असे दोन शब्द छापा. मग तो फोटो कल्पनाचित्र म्हणून खुशाल पहिला येऊ दे, मी टाळ्या वाजवीन. 'कास पठारावरची सायंकाळ' ही ओळ मात्र बातमीची आहे. वाचक ती खरी धरून गाडीत पेट्रोल भरतो.

आणि पहिल्या तीन नंबरांची मूळ फाइल मागवत जा. यात कुणाचा अपमान नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेतही मूळ फाइल तपासतात. २०१५ साली शेवटच्या आधीच्या फेरीत पोहोचलेल्या फोटोंपैकी सुमारे वीस टक्के त्यांनी याच तपासणीत बाद केले होते. नॅशनल जिओग्राफिकने तर फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले होते, आडवा फोटो उभ्या पानात बसावा म्हणून. फोटोशॉप बाजारात यायला तेव्हा आठ वर्षं बाकी होती. इतकी वर्षं झाली, लोक अजून काढतात ते.

ज्याने किंवा जिने हा फोटो काढलाय, त्याला माझा निरोप द्या. खालचा निम्मा भाग उत्तम आहे. तळ्याच्या काठाची वळणदार रेघ ज्या जागेवरून साधलीय, तिथे उभं राहायला नजर लागते. ते राखाडी आभाळ टाकून दिलं नसेल तर तो मूळ फोटो मला बघायचा आहे. राखाडी पाणी, राखाडी आभाळ आणि मध्ये तेवढीच फुलं, मला वाटतं तो जास्त चांगला असेल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त स्टुडिओवाला,
सातारा

ता.क. पत्र छापलंत तर माझं नाव घालू नये. त्या पतसंस्थेचे तेव्हाचे चेअरमन रोज सकाळी फिरायला भेटतात, आणि अजिंक्यताऱ्याचा तो फोटो त्यांनी कॅलेंडरवरून कापून, फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. पाहुण्यांना सांगतात, असे ढग आता येत नाहीत.